ताण, शरीर आणि आरोग्य : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला ताणाबद्दल सहसा दोनच गोष्टी ऐकायला मिळतात : एकतर ‘सगळे टेन्शनमुळेच होते’, नाहीतर ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेले नाही’. पहिल्या वाक्यामुळे खरे आजार तपासायचे राहून जातात आणि दुसऱ्यामुळे खरा त्रास खोटा ठरतो. पुढील उत्तरे हे दोन्ही टाळण्याचा प्रयत्न करतात. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याला ती पर्याय नाहीत.

प्रश्न : ताण आल्यावर शरीरात नेमके काय होते?

द्वारका चौकात उलट दिशेने आलेला टेम्पो अचानक समोर दिसला, तर ‘थांबले पाहिजे’ हा विचार पूर्ण होण्याआधीच पाय ब्रेकवर गेलेला असतो. डोळ्यांनी टिपलेला धोका मेंदूतील अमिग्डाला हा भाग ओळखतो, तो हायपोथॅलॅमस या मेंदूच्याच दुसऱ्या भागाला इशारा देतो आणि तेथून अनुकंपी चेतासंस्थेमार्फत (शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यामार्फत) दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत संदेश पोहोचतो. या ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते आणि काही सेकंदांतच हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि पोटाकडचे व त्वचेकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. तोंडाला कोरड पडणे, तळहात गार होणे आणि पोटात गोळा येणे ही याच फेरवाटपाची लक्षणे होत. जखम झालीच तर रक्तस्राव लवकर थांबावा म्हणून रक्त गोठण्याची क्रियाही वेगवान होते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास या साऱ्याचे वर्णन ‘लढा किंवा पळा’ अशा तयारीच्या रूपात केले.

यामागोमाग दुसरी, सावकाश चालणारी साखळी सुरू होते. हायपोथॅलॅमस मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला आणि पियूषिका अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरील थराला संप्रेरकांद्वारे (हार्मोन्सद्वारे) आदेश देते, आणि कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक स्रवू लागते. रक्तातील त्याची पातळी साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिगेला पोहोचते. भांडण मिटल्यानंतरही बराच वेळ अंगात अस्वस्थता रेंगाळते, त्याचे हे एक कारण आहे.

प्रश्न : हा प्रतिसाद जीव वाचवण्यासाठी असेल, तर त्याने नुकसान का व्हावे?

नुकसान प्रतिसाद सुरू होण्याने होत नाही, तो बंद न होण्याने होते. एरवी रक्तात पुरेसे कॉर्टिसोल झाले की तेच कॉर्टिसोल मेंदूला ‘आता थांबा’ असे कळवते; टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट जसा काम करतो, तशीच ही व्यवस्था आहे. मात्र माणसाच्या मेंदूला आणखी एक कला अवगत आहे : समोर धोका नसतानाही तो उद्याच्या धोक्याचा विचार करू शकतो, आणि शरीर त्या विचारालाही बहुतांशी तसाच प्रतिसाद देते.

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदाराचे उदाहरण घ्या. फळछाटणीपासून माल उतरेपर्यंत चार-साडेचार महिने जातात, आणि या काळात डाउनी या बुरशीजन्य रोगाची भीती, अवकाळी पावसाने मणी तडकण्याची भीती, गारपिटीची भीती, मजुरांची जुळवाजुळव आणि शेवटी व्यापारी पैसे देईल की नाही ही धास्ती, यांपैकी काही ना काही रोज रात्री उशाशी असते. यातील कोणत्याही धोक्याशी अंगबळाने लढता येत नाही आणि त्यापासून पळूनही जाता येत नाही. शरीर मात्र लढण्या-पळण्याचीच तयारी करत राहते.

ताणाचे अभ्यासक हान्स सेली यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले होते, की थंडी, इजा, विषारी द्रव्य अशी कारणे वेगवेगळी असली तरी शरीरात होणारे बदल एकसारखे असतात. त्यांनी पुढे इशारा, प्रतिकार आणि थकवा अशा तीन अवस्था मांडल्या. तिसऱ्या अवस्थेत संप्रेरके संपून जातात, असा त्यांचा अंदाज होता. तो नंतर टिकला नाही. १९९३ मध्ये ब्रूस मॅक्‌इवेन आणि एलियट स्टेलार यांनी मांडलेली कल्पना आज अधिक मान्य आहे : संप्रेरके संपत नाहीत, तर त्यांच्या सततच्या माऱ्याने रक्तवाहिन्या, चयापचय, प्रतिकारशक्ती आणि मेंदू यांची हळूहळू झीज होते.

प्रश्न : थोडा ताण कामाला चांगला असतो, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी अजिबात काळजी नसलेला विद्यार्थी पुस्तक उघडत नाही आणि फार काळजी असलेल्याला उघडलेल्या पुस्तकातले आठवत नाही. स्मरणाशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात कॉर्टिसोलला प्रतिसाद देणारे ग्राही (पेशींवरील संदेश टिपणारे रेणू) पुष्कळ असतात, त्यामुळे पातळी फार वाढली की माहिती आठवणे अवघड होते. नीट आणि जेईईच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी ‘पेपर कोरा दिसला’ ही तक्रार बहाणा समजू नये, ती याच कारणाने घडू शकते.

प्रश्न : माझे बीपी फक्त टेन्शनमुळे वाढते. मग गोळी कशाला घ्यायची?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचे चुकीचे उत्तर सर्वांत महागात पडते, म्हणून थोडे सविस्तर.

ताणाने रक्तदाब तात्पुरता वाढतो, यात शंका नाही. काहींचा रक्तदाब तर डॉक्टरांना पाहूनच वाढतो आणि घरी मोजल्यास व्यवस्थित असतो. तेव्हा ‘टेन्शनमुळे’ हे अनुमान पडताळून पाहता येते. घरी हाताच्या दंडाला पट्टा बांधायचे डिजिटल यंत्र वापरावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, सिगारेट काहीही घेऊ नये. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा. आणि मोजताना बोलू नये. असे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवावे. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर तो उच्च रक्तदाब आहे. मग त्याचे मूळ ताणात असो, मिठात असो वा आनुवंशिकतेत. रक्तवाहिनीला दाब सोसावा लागतो, दाबाचे कारण तिला ठाऊक नसते.

दुसरे असे, की उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षणेच नसतात. ‘डोके दुखले की गोळी घेतो’ ही पद्धत म्हणूनच निरुपयोगी आहे. कर्ज फिटले, मुलीचे लग्न पार पडले, आता टेन्शन नाही म्हणून परस्पर गोळी बंद करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी बंद करण्याआधी वरील पद्धतीने मोजून डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : ताणामुळे हार्ट अटॅक येतो का?

ताण हे एकमेव कारण नसते, पण त्याचा वाटा आहे. भारतासह ५२ देशांतील हृदयविकाराच्या झटक्याच्या सुमारे १५ हजार रुग्णांची तितक्याच निरोगी व्यक्तींशी तुलना करणारा इंटरहार्ट अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झटक्याशी संबंध आढळलेल्या नऊ प्रमुख घटकांमध्ये धूम्रपान, रक्तातील वाढलेली चरबी, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांच्याबरोबर मनोसामाजिक ताणाचाही समावेश होता. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत, अचानक वाढलेले ठोके आणि सहज गोठू पाहणारे रक्त काय करू शकते, हे पहिल्या उत्तरावरून लक्षात येईल.

याशिवाय ‘ताकोत्सुबो’ नावाची एक अवस्था आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूसारख्या तीव्र धक्क्यानंतर हृदयाची डावी जवनिका (शरीरभर रक्त ढकलणारा कप्पा) काही काळ फुग्यासारखी फुगून अशक्त होते. लक्षणे हुबेहूब झटक्याची असतात, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तसा अडथळा सापडत नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास तिचे प्रथम वर्णन केले. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये ती अधिक दिसते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात.

प्रश्न : छातीत धडधडले, दरदरून घाम आला, तर तो पॅनिक अटॅक की हार्ट अटॅक, हे कसे ओळखावे?

घरी ओळखू नये. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो, हातापायांना मुंग्या येतात आणि ‘आता मरतो’ अशी भीती वाटते, हे खरे. परंतु मधुमेही व्यक्ती, स्त्रिया आणि वृद्ध यांच्यात हृदयविकाराचा झटका केवळ धाप, मळमळ, जबडा किंवा पाठदुखी अशा रूपातही येऊ शकतो. पहिल्यांदाच असे झाले असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी काढून घ्यावा. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नये. ईसीजी आणि रक्ततपासणी व्यवस्थित आल्यावरच ताणाचा विचार करावा, त्याआधी नाही.

प्रश्न : ताणाने शुगर वाढते का?

वाढते. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल दोन्ही यकृताला साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. मधुमेह नसलेल्याच्या शरीरात स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून हे सावरते, मधुमेह असलेल्याला ते जमत नाही. त्यामुळे आहार तोच, गोळ्या त्याच, तरी घरातील आजारपणात किंवा कांद्याचे भाव कोसळलेल्या आठवड्यात साखर वर गेलेली दिसते. अशा वेळी एका आकड्यावर घाबरून औषध वाढवण्यापेक्षा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी पाहणे योग्य. दीर्घकाळच्या ताणात पोटाभोवती चरबी साठण्याचे प्रमाणही वाढते, आणि त्यात रात्री उशिराच्या मिसळ-पावाचा हातभार असतो तो वेगळाच.

प्रश्न : टेन्शनने अल्सर होतो ना?

अनेक दशके डॉक्टरही असेच मानत होते. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की जठराच्या आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. फवारणीने आणि पाठीवरच्या पंपाने कंबर धरली म्हणून मेडिकलमधून परस्पर घेतलेली आणि उपाशीपोटी गिळलेली गोळी अल्सरला टेन्शनहून अधिक जबाबदार असते.

ताणाने होते ते असे : जळजळ अधिक जाणवते, पोट फुगते, कोणाला जुलाब तर कोणाला मलावरोध होतो, कारण आतड्यात स्वतःचे मोठे चेताजाळे असते आणि ते मेंदूशी सतत संपर्कात असते. शौच काळे होणे, विनाकारण वजन घटणे, गिळताना अडकणे किंवा उलटीत रक्त यांपैकी काहीही असल्यास ‘पित्त झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये.

प्रश्न : सारखी सर्दी होणे, जखम लवकर न भरणे, याचा ताणाशी संबंध असतो का?

असू शकतो. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात श्वसनमार्गाच्या विषाणूंचे थेंब टाकले; ज्यांनी आधी जास्त ताण नोंदवला होता, त्यांना सर्दी होण्याचे प्रमाण अधिक होते. १९९५ मधील एका छोट्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावरची एकसारखी लहान जखम भरायला, इतर स्त्रियांच्या तुलनेत, सरासरी नऊ दिवस अधिक लागले. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे किंवा वडिलांचे सगळे करणाऱ्या बाईकडे आपण रुग्णाचीच चौकशी करतो, तिची करत नाही. ती करावी, हे या आकड्यांवरून तरी पटावे. अर्थात जखम भरत नसेल, तर आधी शुगर तपासावी.

प्रश्न : केस गळणे आणि पाळी अनियमित होणे?

मोठा ताण, ताप किंवा बाळंतपण यांनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने गळतात आणि बहुधा परत येतात. तेल बदलल्याने त्यात फरक पडत नाही. पाळीचे चक्र हायपोथॅलॅमसमधूनच चालत असल्याने तीव्र ताणात ते पुढे जाऊ शकते किंवा थांबू शकते. मात्र गर्भधारणा, थायरॉइड आणि पीसीओडी ही कारणे आधी तपासून घ्यावीत.

प्रश्न : सातपूर किंवा अंबडच्या कंपनीत रात्रपाळी असते. दिवसा झोपूनही थकवा जात नाही. का?

कॉर्टिसोलला दिवसाचे एक वेळापत्रक आहे. पहाटेपासून त्याची पातळी वाढू लागते, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वाधिक होते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. रात्रपाळीचा कामगार नेमका पातळी तळाला असताना मशिनवर उभा असतो आणि ती चढत असताना झोपू पाहतो. त्यातच घरात कुकरच्या शिट्ट्या आणि खिडकीतून ऊन. झोप तुटक होते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी ताणाचा प्रतिसाद आणखी तीव्र होतो. सिंहस्थाच्या बंदोबस्तावरील पोलीस आणि रुग्णालयांतील परिचारिका यांनाही हेच लागू आहे.

करण्याजोगे उपाय साधे आहेत. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच घ्यावा, कारण कॅफिनचे प्रमाण शरीरात निम्मे व्हायलाच सुमारे पाच तास लागतात. घरी परतताना गॉगल वापरावा, खोलीत जाड पडदे लावावेत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि घरच्यांनी त्या झोपेला रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यावा. पाळ्या दर दोन-तीन दिवसांनी उलटसुलट बदलत असतील, तर कंपनीत एकत्रितपणे बोलून तो क्रम सुधारणे हे कोणत्याही गोळीपेक्षा हिताचे आहे. पहाटे तीनला रोज जाग येत असेल आणि दिवसा कशातच रस वाटत नसेल, तर मात्र तो निव्वळ पाळीचा प्रश्न नसून नैराश्याचे लक्षण असू शकते.

प्रश्न : कॉर्टिसोलची तपासणी करून घ्यावी का? अश्वगंधा घ्यावी का?

केवळ ताण आहे म्हणून ही तपासणी करण्याची गरज नसते, कारण पातळी तासागणिक बदलते. कॉर्टिसोल फार वाढणाऱ्या किंवा फार घटणाऱ्या, कुशिंग किंवा अ‍ॅडिसन या दुर्मीळ आजारांची शंका असेल तरच डॉक्टर ती विशिष्ट वेळी सांगतात. इंटरनेटवर विकला जाणारा ‘अ‍ॅड्रेनल थकवा’ हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार नाही. अश्वगंधेने ताण कमी झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे, पण यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. गर्भवतींनी ती टाळावी आणि थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. सांधेदुखीच्या काही बेनामी पुड्यांमध्ये तर कॉर्टिसोलसारखे काम करणारे स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. अशा पुड्या महिनोन्‌महिने घेतल्यास शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल बनणे मंदावते आणि त्या एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

प्रश्न : प्रतिसाद बंद करण्यासाठी प्रत्यक्षात काय उपयोगी पडते?

स्नायूंसाठी सोडलेली ऊर्जा स्नायूंनी वापरणे हा सर्वांत सरळ मार्ग. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. गोदापार्कवर पहाटेचे भरभर चालणे किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या यात बसतात. दुसरा मार्ग श्वासाचा. श्वास सोडताना शरीराला शांत करणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थेचा प्रभाव वाढून ठोके किंचित मंदावतात, म्हणून मिनिटाला सुमारे सहा श्वास, आणि घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ, असे पाच-दहा मिनिटे केल्यास फरक जाणवतो. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांना हे बसल्या जागी करता येते. तसे पाहता त्यांच्या डब्यातल्या वर्षानुवर्षांच्या गप्पाही कमी उपयोगाच्या नाहीत, कारण आपली माणसे सोबत असताना ताणाचा प्रतिसाद सौम्य राहतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

तंबाखू आणि दारूबद्दल गैरसमज आहे. निकोटिन ठोके आणि रक्तदाब वाढवते. चिमूट ठेवल्यावर वाटणारा आराम हा बहुतांशी तलफ भागल्याचा असतो. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री ती मोडते.

हेही नोंदवायला हवे, की थकलेले कर्ज प्राणायामाने फिटत नाही. ताणाचे मूळ पैशात असेल, तर बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल विचारणे आणि पीकविम्याची नुकसानीची सूचना मुदतीत देणे हा आरोग्याच्याच उपायाचा भाग मानावा.

प्रश्न : घरातील माणूस गप्प राहू लागला आहे. आम्ही काय करावे?

‘टेन्शन घेऊ नका’ असे म्हणू नये, कारण ते ठरवून घेतलेले नसते. झोप, भूक, राग, व्यसन यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ बदल दिसत असेल, तर शांत वेळी शेजारी बसून नेमके विचारावे. ‘सगळे संपवावे असे मनात येते का?’ हा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट अनेकांना बोलण्याची वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि फवारणीची औषधे घरातून व गोठ्यातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवावीत. हे टोकाचे क्षण पुष्कळदा थोडा वेळच टिकतात आणि त्या वेळी हाताशी विष नसणे निर्णायक ठरते.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. तेथे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या, रक्तदाबाच्या घरच्या नोंदी आणि शुगरचे अलीकडचे रिपोर्ट बरोबर न्यावेत, आणि रुग्णाची हरकत नसेल तर घरातील एकाने सोबत जावे.